चार पावलं पुढे

"महिपतराव, ही बदकं अजून एवढी निळी कशी हो राहिली?"

मागून प्रश्न आला आणि किल्ल्यावरच्या मानमंदिर राजवाड्याच्या भिंतीकडे हात करून उभे असलेले महिपतराव सवयीनं उत्तर द्यायला वळले. हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतंच. पाचशे वर्षांची भिंत, वर उघडं आभाळ, ग्वाल्हेरचा मे महिना म्हणजे काय असतो ते आपल्याला ठाऊक आहे, आणि तरी त्या चकाकत्या फरशांच्या पट्टीतून बदकं अशी चाललीत की आत्ताच तळ्यातून वर आलीत. उत्तरही ठरलेलं होतं. रंग वरून लावलेला नाही, भट्टीत भाजून आत मुरवलेला आहे, म्हणून टिकला. पण ते ओठाशीच राहिलं आणि वर केलेला हात खाली घ्यायचंही त्यांना सुचलं नाही. प्रश्न विचारणारी त्यांची बायको होती. शालिनीताई पर्यटकांच्या घोळक्यात उभ्या होत्या, डोक्यावरून पदर, अंगावर राखाडी शाल, मान वर करून बदकं बघत होत्या, आणि उत्तराची वाट पाहत होत्या.

आता यात एवढं दचकण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. बायकोनं नवऱ्याला नावानं हाक मारली. हल्लीच्या मुली तर सरळ अरे-तुरे करतात आणि संसार काही मोडत नाहीत त्यांचे. पण महिपतराव तिच्याकडे बघतच राहिले. घोळक्यातल्या नाशिकच्या सुधाताई, ज्या सकाळपासून दर दोन मिनिटांनी "महिपतराव, हे काय?" "महिपतराव, फोटो काढलेला चालतो का?" करत होत्या, त्या म्हणाल्या, बरोबर आहे वहिनींचं, सांगा की. तेव्हा त्यांनी सांगितलं. भट्टी, भाजणं, मुरणं, सगळं सांगितलं. तोंड आपलं आपण बोलत होतं. इतकी वर्षं हेच बोलून बोलून त्या तोंडाला आता धन्याची गरज राहिली नव्हती. शालिनीताईंनी ऐकलं, "हो का," म्हणाल्या, आणि दुसऱ्याच क्षणी केळीच्या झाडांच्या फरशांकडे वळल्या. नाव त्यांनी सुधाताईंच्या तोंडून उचललं असणार. गाईडला सगळे ज्या नावानं हाक मारताहेत त्या नावानं आपणही मारावी, यात वावगं ते काय.

बेचाळीस वर्षांत त्यांचं नाव तिच्या तोंडून त्यांनी ऐकलेलं नव्हतं. लग्नात ऐकायचं, तर तेही हुकलं. कऱ्हाडजवळच्या तिच्या गावी, कृष्णेच्या काठी मांडव होता, बायकांनी तिला उखाण्यासाठी धरून बसवली होती आणि हे दाराबाहेर कान टवकारून उभे होते. ग्वाल्हेरहून आलेला नवरदेव, बोलण्यात हिंदी, म्हणून मेव्हण्यांनी आधीच रेवडी उडवली होती. आतून तिचा आवाज आला, इतका बारीक की यमकाचा शेवट तेवढा कळला. ऐन नावाच्या जागी बायका खो खो हसल्या. काय म्हणालीस, असं त्यांनी नंतर आगगाडीत विचारलं, तर ती खिडकीबाहेर बघत बसली. पुढे संसारभर "अहो" होतं. "अहो, चहा." "अहो, ऐकलं का." रागावली तर नुसतं "अहो" आणि पुढे काहीच नाही, ते सगळ्यात वाईट. ग्वाल्हेरच्या माधवगंजात, दाणाओळीत, मराठ्यांच्या घराघरात हेच. हे लोक दक्षिणेतून फौजेबरोबर आले, फौज गेली, तलवारी गेल्या, पोरं बँकेत आणि कॉलेजात लागली, पण बायको नवऱ्याचं नाव घेत नाही आणि त्याच्या बरोबरीनं चालत नाही हे तेवढं राहिलं. रस्त्यात हे चार पावलं पुढे, ती मागे. बँकेत कारकुनानं "पति का नाम?" विचारलं की ती लहानग्या उन्नतीला पुढे ढकलायची, "सांग गं बाबांचं नाव." आणि ती चिमुरडी काउंटरला लोंबकळत, छाती फुगवून सांगायची. घरी येऊन तिघं हसायचे.

ते हसणं आठवलं तसे महिपतराव आपोआपच चालू लागले आणि पार्टी त्यांच्यामागून आत आली. पहिल्या चौकात ते नेहमी म्हणतात, की राजा मानसिंह दिसायला कसा होता हे मला विचारू नका. त्याचं त्या काळचं एकही चित्र मी तरी पाहिलेलं नाही, जी आहेत ती मागाहून मनानं काढलेली. तोंडवळा गेला. पण माणूस कळायला तोंडवळाच लागतो असं थोडंच आहे? त्याचं घर बघा. दारं ठेंगणी, म्हणजे आत येताना सगळ्यांनी वाकायचं, राजानंसुद्धा. दगडाला मोर, दगडाला हत्ती, पण सिंहासनासाठी मोठा दिवाणखाना नाही, छोट्या छोट्या खोल्या. आयुष्याचा निम्मा काळ दिल्लीच्या फौजा दाराशी, आणि हा गडी इथं आत निळ्या रंगाच्या भट्ट्या लावतोय, तळी खणतोय, गवय्यांना सांगतोय की पंडितांची भाषा पुरे, लोक बोलतात त्या बोलीत गाणी बांधा. असा राजा होता आमचा, असं महिपतराव म्हणत. आमचा म्हणायचा त्यांना काही हक्क नव्हता, त्यांचे पूर्वज याच्या मागाहून अडीचशे वर्षांनी आले. पण एका माणसाबद्दल इतकी वर्षं बोललं की तो आपला होतो. आज हे बोलताना त्यांचं लक्ष दारातून वाकून येणाऱ्या एका राखाडी शालीकडे होतं. ती वाकली, पदर सावरला, आत आली, आणि त्यांच्याकडे बघून हसली. चांगलं हसू होतं. सुधाताईही तसंच हसत होत्या.

शालिनीताईंना बरोबर आणायला लागून वर्ष होत आलं होतं. घरी एकटं ठेवायची सोय राहिली नव्हती. एकदा गॅस चालू ठेवून देवळात गेल्या, एकदा शेजारच्या पद्माच्या घरात शिरून तिच्या स्वयंपाकघरात कांदा चिरत बसल्या, आणि पद्माला म्हणाल्या, तुम्ही कोण, बसा ना. तेव्हापासून सकाळी दोघं रिक्षानं उरवाई दरवाजाच्या बाजूनं वर यायचे. ती पार्टीबरोबर फिरायची, राजाची गोष्ट रोज नव्यानं ऐकायची, आणि दुपार कलली की दोघं पूर्वेच्या उतारानं पायी खाली, किला गेटपर्यंत. चाल बदलली होती ती तेव्हाच. आता ते तिचा दंड धरून बरोबरीनं चालत. लोक बघायचे. माधवगंजातल्या म्हाताऱ्या कौतुकानं म्हणायच्या की बघा, म्हातारपणी कसे हातात हात घालून. ते कानकोंडे व्हायचे, आणि खरं सांगायचं तर थोडे खूशही व्हायचे.

डॉक्टरकडे गेले होते तो दिवस आता त्यांना आठवला, आणि आठवून बरं वाटलं नाही. दोन वर्षं झाली त्याला. शहराच्या लष्कर भागातला तरुण डॉक्टर, गोड बोलायचा. त्यानं तिला वार विचारला, तिनं सांगितला. पंतप्रधान विचारला, चुकला, पण तो कुणीही चुकेल. मग ह्यांच्याकडे बोट करून म्हणाला, "माताजी, इनका नाम क्या है?" शालिनीताईंनी मान खाली घातली, पदराचं टोक ओठांशी धरलं आणि हसल्या. डॉक्टर थांबला, पुन्हा विचारलं, त्या पुन्हा हसल्या. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. महिपतराव तर खदखदून हसले होते. अहो डॉक्टरसाहेब, आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे त्यांनी हिंदीत समजावून सांगितलं, उखाण्याची गोष्टसुद्धा सांगितली. डॉक्टरही हसला आणि लिहिलेलं खोडलं. घरी येईपर्यंत त्यांना इतका आनंद झाला होता की वाटेत त्यांनी मिठाईवाल्याकडून इमरती घेतली. बाकी सगळं जाऊ दे, लाजते आहे म्हणजे ओळखते आहे. त्या आनंदावर दोन वर्षं काढली त्यांनी. आणि आत्ता, या चौकात उभं राहून, सुधाताईंचा ग्रुप फोटो काढून देता देता, त्यांच्या मनात आलं की ती तेव्हा लाजली की तिला ते आठवलंच नव्हतं आणि ते झाकायला ती हसली? पदर ओठांशी धरायला नाव ठाऊक असावं लागत नाही. अंगाला वळण असतं, ते माणूस गेल्यावरही राहतं. मग कोणत्या दिवसापासून? काल रात्री तिनं भाजीत मीठ आहे का विचारलं, तेव्हा "अहो" म्हणाली होती का? म्हणालीच असेल. पण "अहो" तर रिक्षावाल्यालाही म्हणतात.

गाणाऱ्यांच्या चौकात आल्यावर बायका नेहमी जाळीपाशी जातात. खाली गवई बसायचे, वर या दगडी जाळीच्या मागे राण्या, आणि राण्या नुसत्या ऐकत नसत तर शिकत, असं इथले लोक सांगतात. मानसिंहाला हे चालायचं, किंबहुना त्याचीच ती हौस. शालिनीताई रोज जाळीला डोळा लावून खाली बघतात, तशा आजही बघत राहिल्या. त्यांच्याही घरात गाणं आलं होतं. उन्नतीला शिकवायला मास्तर यायचे, पुढच्या खोलीत बसायचे, आणि ही आत स्वयंपाकघराच्या पडद्यामागे पोळ्या लाटता लाटता सगळं पाठ करायची. उन्नतीनं कंटाळून सोडलं, हिनं सोडलं नाही. दुपारी घर रिकामं असताना गात असायची म्हणे. पद्मानं एकदा सांगितलं होतं. महिपतरावांनी ऐकलं नव्हतं कधी, कारण ते दुपारी इथं असत, या जाळीपाशी, राण्यांची शिकायची हौस लोकांना सांगत. या विसंगतीवर ते पूर्वी मनातल्या मनात हसले होते. आज हसू आलं नाही. बायकोच्या तोंडून ऐकायच्या दोन गोष्टी होत्या, एक गाणं आणि एक नाव, आणि त्यातली जी मिळाली ती अशी मिळाली.

उन्नती आज येणार होती. गणपतीत आली तेव्हाच तिनं विषय काढला होता. पुण्यात तिच्या घराजवळ अशा माणसांसाठी एक घर आहे, बाग आहे, बायका प्रेमळ आहेत, ती रोज जाऊ शकेल. तिचं काही चुकत नव्हतं, बाप रात्र रात्र दाराशी सतरंजी टाकून झोपतो हे तिला दिसत होतं. बाबा, तुम्हीही चला, असं ती म्हणाली होती. महिपतराव चिडले होते. मग शांत होऊन त्यांनी शब्द दिला होता, की ज्या दिवशी तुझी आई मला ओळखणार नाही त्या दिवशी तिला घेऊन जा, मी आडवा येणार नाही. तोवर नाही. उन्नतीनं तो शब्द पदरात बांधून घेतला. आता ती उद्याची दोन तिकिटं काढून येत होती, कॅन्सल होतात बाबा, टेन्शन मत लो, असं फोनवर म्हणाली होती. आणि ते या विश्वासानं बसले होते की तिकीट कॅन्सल होणार. पुण्याला आपणही जावं असं त्यांना आज पहिल्यांदाच वाटून गेलं, आणि लगेच वाटलं की जाऊन तिथं आपण कोण? इथं निदान गाईड तरी आहोत. राजवाडा आहे, राजा आहे, तिला सांगायला काही आहे. त्या बागेत तिच्यासमोर खुर्ची ओढून बसणारा म्हातारा कोण म्हणून बसणार?

पार्टी पुढे सरकली तसं पाण्याचा विषय आला. तो ते वरूनच, खिडकीतून खालचा गुजरी महाल दाखवून सांगतात. राई गावची गुजर मुलगी, दोन झुंजणाऱ्या म्हशी शिंगं धरून बाजूला केल्या म्हणे, राजा बघतच राहिला. तिनं अट घातली की मी माझ्या गावचंच पाणी पिईन. राजानं गडाखाली तिला वेगळा वाडा बांधला आणि कोसांवरून नळ टाकून तिच्या नदीचं पाणी तिच्या उशाशी आणलं. "आणि मग ती सुखात राहिली का हो?" हे शालिनीताईंचं रोजचं वाक्य, ते आजही आलं. राहिली, असं ते रोज म्हणतात. लग्न होऊन आली तेव्हा हिची तूरडाळ शिजायची नाही. ग्वाल्हेरचं पाणी जड. ती चुलीपुढे बसून रडायची, सासू म्हणायची पोरीला स्वयंपाक येत नाही, आणि ही म्हणायची आमच्या कृष्णेच्या पाण्यात दोन उकळीत शिजते. पुढे कुकर आला आणि ते भांडण मिटलं. माहेरी मात्र जाणं फारसं झालं नाही. दिवाळी, संक्रांत म्हणजे किल्ल्यावरचा सीझन, आणि उन्हाळ्यात तिकडे कुणी नसायचं. सीझनचं कारण खोटं नव्हतं. पण राजालाही लढाया होत्याच की.

"सुखात राहिली," महिपतराव म्हणाले. आणि खिडकीपासून बाजूला झाले.

मग खाली उतरायचं. मानमंदिराच्या पोटात दोन मजले जमिनीखाली आहेत. राजानं ते उन्हाळ्यासाठी बांधले होते, छताला झोपाळ्यांच्या कड्या अजून आहेत, भिंतीत नळ्या आहेत, या दालनातून त्या दालनात बोलायला. राजा गेला, पोराच्या हातून किल्ला गेला, आणि पुढच्या धन्यांनी झोपाळे काढून इथं कैदी ठेवले. राजवाडा तोच, दगडही तेच. इथं महिपतरावांची एक पद्धत होती. सगळे गोल दालनात आले की ते सांगत, मुलांना जवळ घ्या, घाबरू नका, आणि हातातली बॅटरी विझवत. आधीच्या राजाचं सुख आणि मागच्या कैद्यांचा अंधार, दोन्ही एकाच जागी, हे बोलून कळत नाही. पाचदहा सेकंद. मग बॅटरी लागायची, लोक सुटल्यासारखे हसायचे.

आज त्यांनी बॅटरी विझवली आणि गार, ओलसर काळोख अंगावर आला. कुणीतरी खाकरलं. कुठंतरी वटवाघळं हलली. आणि त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं कुणाच्या तरी मुठीत गेली. त्यांना बघायची गरज नव्हती. करंगळीच्या बुडाशी भाजल्याची जुनी खूण, कडक झालेली कातडी, ती पहिल्या उन्हाळ्यातली, त्याच डाळीच्या पातेल्याची. घट्ट धरलं होतं तिनं. या हातानं चारचौघांत त्यांचा हात कधी धरला नव्हता, पण घरात, दिवे गेल्यावर, थंडीत, शेकडो वेळा असाच चाचपडत आला होता आणि हीच दोन बोटं शोधली होती. अंधारात ती मला ओळखते, असं त्यांना वाटलं, आणि इतकं सुख झालं की डोळ्यांत पाणी आलं. तेही कुणाला दिसणार नव्हतं. ते नुसते उभे राहिले. पाच सेकंद झाले, दहा झाले, त्याहून जास्त झाले. एक मूल कुरकुरू लागलं. बॅटरी बिघडली काय, असं कुणी म्हणालं. महिपतराव लावेनात. शेवटी सुधाताईंच्या यजमानांनी आपला मोबाईल पेटवला, पांढरा उजेड भिंतीवर पडला, शालिनीताईंनी हाताकडे पाहिलं, मग वर त्यांच्या तोंडाकडे, आणि चटका बसल्यागत बोटं सोडली.

"माफ करा हं," त्या म्हणाल्या, अगदी खालच्या आवाजात, पदर पुढे ओढून. "अंधारात समजलं नाही. मला वाटलं आमचे हे आहेत."

काही हरकत नाही, असं महिपतराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मग जिना चढून त्यांनी पार्टीला उजेडात आणलं, राहिलेलं सगळं सांगितलं, राजाचं मरण सांगितलं, फोटो काढून दिले. सुधाताईंनी वहिनींना मिठी मारली आणि किती छान जोडी आहे तुमची, असं त्यांच्याकडे बघून म्हणाल्या. शालिनीताईंनी चमकून महिपतरावांकडे पाहिलं, परक्या पुरुषाबद्दल भलतंच बोलल्यावर बाईमाणूस पाहतं तसं, पण पाहुण्या बाईला तोडून बोलायचं त्यांच्या वळणात नव्हतं.

उन्नती हाथी पोळ दरवाजापाशी भेटली. घरी सामान टाकून तशीच वर आली होती, प्रवासानं चेहरा सुकलेला. आई, असं म्हणून गळ्यात पडली. शालिनीताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, किती वाळलीस गं, म्हणाल्या, पण नाव घेतलं नाही. उन्नतीनं आईच्या खांद्यावरून बापाकडे पाहिलं, नजरेनंच विचारलं. तेवढ्यात शालिनीताई मागे वळल्या. "महिपतराव, या मुलीला पण दाखवा हो बदकं. लांबून आलीय."

उन्नतीचं तोंड उघडंच राहिलं. मग ती हसायला लागली, मग हसता हसता रडायला लागली. "बाबा, सुना आपने? आईनं तुमचं नाव घेतलं. नाव लक्षात आहे तिच्या, आणि मी मूर्खासारखी..." तिनं लगेच पिशवीतून फोन काढला. कॅन्सल करते, आत्ता, म्हणाली. बेचाळीस वर्षांत जे जमलं नाही ते आता जमलं म्हणजे बघा, असं काहीतरी बडबडत होती. महिपतराव तिचं बोट स्क्रीनवर फिरताना बघत राहिले. एक शब्दही बोलायची गरज नव्हती. ती आपणहून चुकत होती, आणि त्या चुकीत आणखी एक वर्ष निघालं असतं, कदाचित दोन. राखाडी शाल रोज ठेंगण्या दारातून वाकून आत आली असती. अंधारात बोटं धरली असती. आपण बॅटरी उशिरा लावली असती. आणि उजेडात दरवेळी तिनं माफी मागितली असती. परक्या पुरुषाच्या घरात, परक्या पुरुषाच्या हातचं खात, ती कुणाची तरी वाट बघत बसली असती, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते पायरीवर बसले.

"उन्नती, थांब," ते म्हणाले. "तुझ्या आईनं माझं नाव कधी घेतलं होतं का?"

"नाही ना, तेच तर..." ती म्हणाली, आणि थांबली. काउंटरला लोंबकळणारी मुलगी होती ती शेवटी, तिला वेळ लागला नाही. फोन तसाच हातात राहिला. ती बापाशेजारी पायरीवर येऊन बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. उद्याची तिकिटं राहू देत, असं महिपतरावांनीच सांगितलं. शब्द दिला होता. दुःख झालं, फार झालं, ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही. समोर शालिनीताई एका कुत्र्याच्या पिल्लाशी बोलत उभ्या होत्या.

दुपार कलली तशी पूर्वेच्या उतारावर सावली आली. तिघं निघाले. या उतारानं राजा रोज गुजरी महालाकडे यायचा म्हणे, घोडा न घेता, पायी. महिपतरावांनी सवयीनं शालिनीताईंचा दंड धरायला हात पुढे केला. त्या किंचित बाजूला झाल्या, अपमान होऊ नये इतक्याच. मग जरा संकोचून बोलल्या.

"तुम्ही फार छान सांगता. पण आता नका येऊ, मी जाईन. आमचे हे पुढं गेले असतील. नेहमी चार पावलं पुढं चालतात ते, मागं वळून बघत नाहीत, पण असतात. तुम्हाला दिसले तर सांगाल? म्हणावं, येतेय मी."

"सांगतो," महिपतराव म्हणाले.

ते क्षणभर उभे राहिले. मग हात मागे घेतला, टोपी नीट केली, आणि तिला ओलांडून पुढे झाले. एक, दोन, तीन, चार. पाठ ताठ केली, तरुणपणी असायची तेवढी नाही झाली. हात मागे बांधले, जसे ते माधवगंजातून भाजीला जाताना बांधायचे. आणि चालू लागले. दगडी उतार, गुळगुळीत झालेला, पावलांचा आवाज येत होता, त्यांचा, आणि मागे तिचा, चपला ओढत चालायची तिची सवय. पाठीवर काहीतरी आल्यासारखं वाटत होतं, नजर असेल, ऊन तर नव्हतं. उतारावरचं देऊळ मागे पडलं. खाली गुजरी महालाची गच्ची दिसू लागली.

"अहो," मागून आवाज आला. रागाचा, लाडाचा, रोजचा. "जरा हळू ना. किती ती घाई."

उन्नतीनं हुंदका दाबला तो त्यांना ऐकू आला. ती काही बोलणार असं वाटलं, म्हणून त्यांनी पाठीमागच्या हाताचा पंजा उघडून तिला गप्प राहायची खूण केली. वळले असते तर शालिनीताईंना गाईड दिसला असता. त्यांनी पाऊल आखडलं, शक्य तितकं हळू केलं. मागून ती बोलत होती, डाळ भिजत घातलीय, उन्नतीचे मास्तर येतील, घरी जाऊन चहा टाकते. ते हूं, हूं करत होते. किला गेट येईपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.